बंट्याचा बाप्तिस्मा

हे कुणाला पटणार नाही, पण हरिदास आढाव आयुष्यात एकदा साडेअकरा दिवस गप्प बसले होते. आजारी नव्हते, घसा बसला नव्हता, कुणाशी अबोला नव्हता. जीभ जागेवर होती, समोर ऐकणारी माणसं होती, आणि तरी गप्प. साल नव्व्याण्णव, महिना जानेवारी, गाव गुडगाव.

ज्यांनी हरिदासकाकांना पाहिलेलं नाही त्यांना वाटेल, त्यात काय मोठंसं. म्हणून आधी माणूस कळायला हवा. मूळचे संगमनेरकडचे, मिशनच्या शाळेत शिकलेले. चौसष्ट साली दिल्लीत सरकारी नोकरीला लागले आणि आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये जन्म काढून निवृत्त झाले. मग पाच-पन्नास मराठी बाबूंनी मिळून गुडगावात सोसायटी काढली, तिथे चौथ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. लिफ्टचा खड्डा तयार होता, लिफ्ट यायची होती. पाणी टँकरनं येई. सोसायटीच्या एका अंगाला कुठल्याशा परदेशी कंपनीची काचेची इमारत उठत होती, दुसऱ्या अंगाला मोहरीचं शेत, आणि मधल्या रस्त्यावर म्हशी आणि मारुती एकाच रांगेत. थापाड्या माणसाला अशी जागा फार मानवते. काहीही सांगा, पुढच्या वर्षापर्यंत ते खरं होण्याचा संभव असतो.

काका जिन्यात भेटले की पहिल्या मजल्यावर सुरू झालेली गोष्ट चौथ्यावर संपे, आणि तिसऱ्यावर राहणारी माणसं शेवट ऐकायला एक मजला जास्त चढत. त्यांच्या कचेरीत म्हणे एकदा म्हैस पाचव्या मजल्यावर चढली. उतरवायला मंजुरी लागणार म्हणून फाइल वर गेली, आणि फाइल खाली येईपर्यंत म्हैस पेन्शनीत निघाली. दरवर्षी चौदा जानेवारीला दिल्लीची मराठी माणसं बस करून पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकाशी, जात. त्या बसमध्ये काका आपल्या खापरपणज्याच्या घोड्याची गोष्ट सांगत, आणि घोड्याचा रंग दरवर्षी बदले. कुणी विश्वास ठेवत नसे. काकांचीही तशी अपेक्षा नव्हती. त्यांना फक्त माणसं पुढे सरकून बसलेली आवडत.

या सगळ्यांत त्यांची लाडकी गोष्ट होती धीरजच्या बाप्तिस्म्याची.

धीरज म्हणजे दिनकर पगारेचा मुलगा. दिनकर आणि काका एका तालुक्याचे, क्वार्टरमध्येही आगेमागे राहिलेले. धीरजचे धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याला आईबापांच्या जोडीनं उभे राहणारे, काका. एकाहत्तरची लढाई संपून तीन आठवडे झालेले, दिनकर अमृतसरला ड्यूटीवर अडकलेला, आणि चौदा दिवसांच्या पोराला घेऊन आर. के. पुरमच्या एका क्वार्टरच्या पुढच्या खोलीत सगळे जमलेले. जवळ चर्च नव्हतं, तिथेच रविवारची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, होत असे. फादर नळाशी गेले तर नळ कोरडा. इथवर सगळं साधं. इथून पुढे काकांची गाडी सुटे. फादरना पुढच्या मिस्सेला पोचायचं, पोर थंडीनं निळं पडत चाललेलं, तेव्हा काका धावत कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे गेले आणि गोळीची बाटली घेऊन आले. दिल्लीत तिला बंटा म्हणतात. लिंबू-सोडा. फादरनी अंगठ्यानं गोळी आत ढकलली, फस्स झालं, आणि पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाटली पोराच्या डोक्यावर रिकामी झाली. म्हणून तर धीरजचे केस असे कुरळे. जानेवारीत बंटा कुठून मिळाला, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार असे: उन्हाळ्यातली एक बाटली उरली होती, मुरलेली, म्हणून तर एवढी फसफसली.

सत्तावीस वर्षं ही गोष्ट चालली. धीरजनं स्वतः ती सेमिनरीत, धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, जाऊन सांगितली, तिथेही हशा झाला. पुढे दिनकर वारला, धीरज डीकन झाला, म्हणजे धर्मगुरूच्या एक पायरी खाली, आणि तेवीस जानेवारी, शनिवार, सकाळी दहा, अशी त्याच्या गुरुदीक्षेची तारीख ठरली. गुडगावचं चर्च म्हणजे तेव्हा पत्र्याची एक शेड आणि पुढे मोकळा प्लॉट. त्या प्लॉटवर शामियाना घालायचा, आर्चबिशप येणार, साठ फादर येणार, संगमनेरहून चाळीस माणसं भजनी मंडळासकट येणार. धीरजची आई प्रभा हिनं नवी साडी घ्यायचं नाकारलं आणि घ्यायला लावल्यावर तीन घेतल्या.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दीक्षेच्या आधी तीन रविवार चर्चमध्ये उमेदवाराचं नाव वाचतात. हा माणूस धर्मगुरू होणार आहे, याच्यात काही अडथळा कुणाला ठाऊक असेल तर त्यानं कळवावं, कळवणं त्याचं कर्तव्य आहे. लोक ऐकतात आणि चपला शोधायला लागतात. आजवर कुणी काही कळवल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पण त्या वर्षी चर्चमध्ये विनायक होता. जालन्याकडचा पोरगा, कलेक्टर व्हायला दिल्लीत आलेला, दोन वेळा परीक्षा देऊन बसलेला. राहायला काकांच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या खोलीत, रविवारी वाचनाला उभा राही. नाताळच्या जेवणात त्यानं बंट्याची गोष्ट पहिल्यांदा ऐकली. सगळे हसले तेव्हा तो हसला नाही, एवढं काकांच्या लक्षात आलं होतं. पोराला पोटदुखी असेल, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या रविवारी, दहा तारखेला, नाव वाचलं गेलं. सोमवारी सकाळी फादर कुजूर यांनी काकांना बोलावून घेतलं.

फादर कुजूर रांचीकडचे, पन्नाशीचे, सावकाश माणूस. ते हिंदीत बोलत, काका मराठीत उत्तर देत, आणि दोघांनाही दुभाषा लागत नसे. त्यांनी काकांपुढे दोन फुलस्केप कागद सरकवले. वर अधोरेखित विषय: उमेदवाराच्या बाप्तिस्म्याच्या वैधतेबाबत. खाली मुद्दा एक ते सहा. शेवटी निष्कर्ष. खाली विनायकची सही आणि तारीख.

हे खरं सांगायला हवं की वाचताना आधी काकांची छाती फुगली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विश्वास ठेवला होता. मग मुद्दा चार वाचला, सोड्यानं बाप्तिस्मा होत नाही असा, आणि छाती जागेवर आली.

"गंमत आहे ही, फादर."

"ठाऊक आहे. मीही हसलोय. पण आता ती कागदावर आलीय, अंकल. कागदावर हसता येत नाही."

"मग लिहा, पाणी होतं."

"कोण सांगतं?"

"मी सांगतो. धर्मपिता मी, उभा तिथं मी."

फादरनी टेबलावरचं पुस्तक उघडलं नाही, नुसता त्याच्यावर हात ठेवला. "नियम सोपा आहे. एक साक्षीदार पुरे. फक्त त्याच्या शब्दावर कुणाला शंका नको."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाहेर पाण्याचा टँकर मागे येत होता.

"आणि पाणी नसेल तर?" काकांनी विचारलं.

"पाणी नसेल तर बाप्तिस्मा नाही. बाप्तिस्मा हा तळमजला. तो नसला तर वरचं दृढीकरण नाही, डीकनपद नाही, काहीच उभं नाही. तेवीसला आर्चबिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवतील ते नुसतं डोक्यावर हात ठेवणं. सगळं पायापासून करायचं तर तारीख गेली. वर्षभर तरी." फादरनी चष्मा काढला. "दुसरं कोण होतं तिथं?"

काका मोजू लागले. बाप्तिस्मा देणारे फादर वारले होते. ज्यांचं ते क्वार्टर, ते नवराबायकोही गेले. दिनकर अमृतसरला होता. प्रभा घरी होती, सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतीण बाहेर पडत नसे. राहिली धर्ममाता, दिनकरची मोठी बहीण कुसुमावती. बाळंतपणाला म्हणून आली होती, बाप्तिस्म्यानंतर चार दिवसांनी गावी गेली आणि पुन्हा दिल्लीचं तोंड पाहिलं नाही. बंट्याची गोष्ट तिच्या कानावर कधी गेली असेल असंही नाही.

"त्यांना फोन करू."

"फोनवर तिला ऐकू येत नाही, फादर. समोर तोंड दिसलं तरच येतं. फोनवर ती नुसती बोलते."

"मग?"

"दीक्षेला येतेय. एकवीसच्या गाडीनं, गुरुवारी."

"ठीक. गुरुवारी विचारू. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत माझा कागद बिशप हाउसला गेला पाहिजे. तोवर अंकल, एक मेहरबानी करा. या विषयावर कुणाशी एक शब्द नको."

काकांना आपली जीभ ठाऊक होती. एका विषयावर गप्प राहायचं तर सगळ्याच विषयांवर गप्प राहायला हवं. कामापुरते दोन शब्द सोडले तर तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं, आणि तिथून साडेअकरा दिवस सुरू झाले.

आणि गप्प बसल्यावर एक भलतीच गोष्ट झाली. बंट्याची गोष्ट खोटी आहे हे काकांना पक्कं ठाऊक होतं. आपणच रचलेली, आपल्याला नाही तर कुणाला ठाऊक असणार. म्हणून पहिल्या दिवशी जिना चढताना ते सहज खरी हकीकत आठवायला गेले, आणि ती सापडेना. नळ आठवला. नळ कोरडा होता, हे नक्की. फादरांचा नळ पिळणारा हातसुद्धा आठवला. पण त्याच्यापुढे एकदम बाटलीच येई. गोळी, फस्स, लिंबाचा वास. पाणी कुठेच नाही. नळ कोरडा होता तर पाणी आलं कुठून? त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आठवलं. नळ, हात, बाटली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "काका, आज गोष्ट नाही?" काकांनी मान हलवली आणि त्या घाबरून नवऱ्याला बोलवायला गेल्या.

चौदा तारखेला काला अंबच्या बसमध्ये सगळे घोड्याची वाट पाहत होते. काका खिडकीशी बसून राहिले. करनाल रोडवर कुणीतरी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. कुणी म्हणालं, धीरजच्या दीक्षेची काळजी असेल. कुणी म्हणालं, दात काढले असतील. त्या वर्षी खापरपणजा पानिपतावर पायीच लढला.

शनिवारी ते बस बदलत आर. के. पुरमला गेले. ते जुनं क्वार्टर सापडलं. आता तिथे ओडिशाकडचं कुटुंब राहत होतं. काकांनी दारात उभं राहून, नळ बघायचा आहे, असं सांगितलं. बाईंना वाटलं, सरकारी प्लंबर. त्यांनी कौतुकानं आत घेतलं, गळणारे दोन्ही नळ दाखवले आणि इतक्या लवकर कुणीतरी आल्याबद्दल चहा दिला. काका नळापुढे पाच मिनिटं उभे राहिले. नळ नवा होता, प्लॅस्टिकचा. काही आठवलं नाही. बाईंनी कागदावर सही मागितली, तीही देऊन ते खाली आले आणि परतीची बस पकडायच्या ऐवजी तीन सेक्टर पायी फिरले, तोच पानवाला कुठे होता ते बघत.

घरी आले तर प्रभा दारात. तिला विनायकनंच सगळं सांगितलं होतं, क्षमा मागून, मुद्देसूद.

"भावजी, आत येऊ का, का गप्प बसायचं व्रत आहे?"

काका बाजूला झाले. ती बसली, पिशवीतून पांढरं सुती कापड काढलं आणि त्याची कड दुमडू लागली. हातभर लांबीची पट्टी. 

"हे कशाचं, माहितेय ना तुम्हाला? आर्चबिशप त्याच्या तळहातांना तेल लावणार, ते या कापडानं पुसायचं. मग हे कापड आईला देतात. मी मेले की माझ्या हातात ठेवायचं. वर विचारतात म्हणे, तू काय आणलंस. तेव्हा हे दाखवायचं, एक मुलगा दिला म्हणून." तिनं दोरा दातांनी तोडला. "मी काय दाखवू, भावजी? लिंबू-सोडा?"

काकांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे ठेवला. तो ठेवतानाही त्यांना अवघडल्यासारखं झालं.

"सत्तावीस वर्षं हसले मी त्या गोष्टीला," प्रभा म्हणाली. "हे पण म्हणायचे, हरिदासनं काय रंगवलंय. तेव्हाच एकदा विचारायला हवं होतं." ती उठली. दाराशी थांबली. "मी घरी होते हो. माझ्या पोराच्या डोक्यावर काय ओतलं ते मला तुमच्याकडून कळायचं, दुसरीकडून नाही."

बुधवारी शामियान्यात तालीम झाली. तंबूवाला सरदारजी लग्नाच्या मोसमातून थेट आला होता. त्यानं लाल मखमल ताणली, झालर सोडली आणि मधोमध नवरा-नवरीच्या दोन सोनेरी खुर्च्या मांडल्या. नवरी नाही, असं त्याला सांगितल्यावर त्यानं दोन्ही खुर्च्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, एक का किराया तो नहीं कटेगा जी. शेवटी त्यातल्या एकीवर आर्चबिशप बसणार असं ठरलं. काका मागच्या ओळीत फोल्डिंगच्या खुर्चीत होते. पाय हलत होता, थांबवला तर दुसरा हलू लागे.

पुढे गालिच्यावर धीरज उपडा पडला. दीक्षेत असंच असतं. उमेदवार जमिनीला कपाळ लावून पडतो, आणि सगळी सभा गुडघ्यांवर येऊन एकेका संताचं नाव घेत त्याच्यासाठी आळवणी करते. संत पेत्र, आमच्यासाठी विनंती करा. संत पौल, आमच्यासाठी विनंती करा. त्यानंतर तो उठून गुडघे टेकतो, आर्चबिशप काही न बोलता त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतात, आणि मग साठच्या साठ फादर रांगेनं येऊन तसेच हात ठेवतात. गाणं नाही, शब्द नाही. सगळं त्या शांततेत होतं. काकांच्या नजरेसमोर ती साठांची रांग उभी राहिली आणि साठव्या फादरचा हात वर उचलला जाताना चिकट झालेला दिसला. ते उठून शामियान्याबाहेर गेले.

धीरज मागोमाग आला. नाकाला गालिच्याचे धागे चिकटलेले.

"काका, एक विचारू? खरं काय झालं होतं?"

पोरगा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं साधं विचारलं, लहानपणी पतंग कुठे गेला म्हणून विचारायचा तसं. दहा दिवसांत पहिल्यांदा काका त्या विषयावर दोन शब्द बोलले.

"नळ कोरडा होता."

"बरं."

"एवढं नक्की आहे. पुढचं… पुढे सोडाच येतो रे. मी रोज आठवतो. दुसरं काही येतच नाही."

धीरजनं नाकावरचे धागे काढले. "मी तिथं पडलो ना, की सगळ्या संतांची नावं घेतात. आणि मला वाटतं, मी यांच्यातला आहे की नाही हेच ठरायचंय अजून, आणि हे कुणाला हाका मारतायत." तो हसायला गेला, ते जमलं नाही. "असू दे. आत्या आली की कळेल. चला, थंडी आहे."

गुरुवारी गाडी आली नाही. उत्तरेत सगळीकडे धुकं होतं. सकाळी चौकशीच्या खिडकीवर म्हणाले, आठ तास. दुपारी म्हणाले, चौदा. संध्याकाळी पाटीवर नुसतं 'विलंबाने' असं लिहिलं. काका स्टेशनबाहेर पहाडगंजच्या गल्ल्यांतून फिरत राहिले. हॉटेलं, घाऊक चपला, घाऊक पिशव्या, पुन्हा हॉटेलं, आणि पुन्हा चौकशीची खिडकी. खिडकीतला माणूस शेवटी त्यांना पाहून न विचारताच मान हलवू लागला.

फिरता फिरता काकांच्या मनात एक विचार आला आणि तो आल्यावर त्यांना बसवेना. कुसुमअक्का खोटं बोलणारी बाई नव्हती. शाळेत असताना मिशनच्या आवारातल्या कैऱ्या चोरल्या तेव्हा तिनंच नावं सांगितली होती, स्वतःच्या भावासकट. ती गाडीतून उतरेल, फादर विचारतील, आणि ती जे झालं ते सांगेल. आणि जे झालं ते सोडाच असलं तर? तेव्हा तिला आधी गाठायला हवं. तिला सांगायला हवं, की अक्का, काहीही झालेलं असो, तू पाणी म्हण. एक शब्द. चाळीस वर्षं मी थापा मारल्या, त्यांचं काही बिघडलं नाही, तू एक मार.

शुक्रवारी दुपारी कळलं की गाडी मथुरेहून सुटली. फादर कुजूर शाळेची बस घेऊन नवी दिल्ली स्टेशनावर येणार होते आणि तिथून तसेच बिशप हाउसला जाणार होते. म्हणून काका आधीच्या स्टेशनावर, निजामुद्दीनला गेले. तिथे गाडी थांबते. तिथून नवी दिल्ली वीसेक मिनिटं. एक शब्द बोलायला वीस मिनिटं पुष्कळ.

चारला गाडी आली. एस-सात डब्यात चढायला जागा नव्हती. दाराशी झांजा, आडवी पडलेली ढोलकी, तुपाचे डबे, दोन रात्री न झोपलेली माणसं. "हरिदासकाका आले," असा गलका झाला. लोक हात धरू लागले, एकानं मिठी मारली. काका वाट काढत आत गेले आणि खिडकीशी त्यांना कुसुमावती दिसली. सुरकुतलेली, ताठ, डोक्यावर शाल. तिच्या शेजारी, मांडीवर फाइल ठेवून, शेंगदाण्याचा लाडू खात फादर कुजूर बसले होते.

"या अंकल," फादर म्हणाले. "बस ड्रायव्हरबरोबर पुढे पाठवली. मलाही वाटलं, इथूनच बसावं."

काका उभेच राहिले.

"हरिदास, म्हातारा झालास रे," कुसुमावती म्हणाली. "बस. हे फादर मघापासून काही विचारत नाहीत, नुसते खातायत."

"विचारलंत?" काकांनी फादरना विचारलं.

"नाही. आधी मी विचारलं तर उद्या कुणी म्हणेल, मीच शब्द तोंडात घातले. तुम्ही सांगा. तुम्ही नेहमी सांगता तशी. त्या ऐकतील."

"इथं?"

"इथं. सहाला कागद द्यायचाय, अंकल."

गाडी हलली. समोर अक्का होती, तिचे डोळे त्यांच्या तोंडावर. आजूबाजूला संगमनेरची माणसं बर्थवरून डोकी काढून पाहत होती. आपल्या मुलखाची माणसं. काकांनी ठरवलं, तीन वाक्यांत उरकायचं.

"अक्का, धीरजच्या बाप्तिस्म्याला, त्या क्वार्टरमध्ये, नळ कोरडा होता."

"होता," कुसुमावती म्हणाली.

 फादरनी पेनचं टोपण काढलं. आता मागे फिरायला जागा नव्हती, म्हणून ते पुढे गेले, आणि पुढे गेल्यावर त्यांना थांबता येईना. साडेअकरा दिवसांचं तुंबलेलं सगळं एकदम सुटलं. काचांना अजून लढाईतले काळे कागद. पोर थंडीनं निळं. काका पळतायत, मागे दोन कुत्री, पानवाल्यानं दुकान बंद करायला घेतलंय. बाटली एकच. पानवाला म्हणतो, ये तो रखी हुई है, साहब. वरच्या बर्थवरचा एक जण खाली उतरला. कुणीतरी ढोलकी बाजूला केली. गोष्ट इतकी चांगली कधीच रंगली नव्हती, हे काकांना कळत होतं. फादर लिहीत नव्हते. अक्काच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. गोळी आत गेली, फस्स झालं, फादरांच्या बाहीपर्यंत फेस, आणि पोर, चौदा दिवसांचं पोर, रडायच्या ऐवजी…

"थांब," कुसुमावती म्हणाली. "सोडा आणायला कोण गेलं?"

"मी."

"आणि पोर कुणाकडे होतं?"

सत्तावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. जानेवारीत बंटा कसा, हे विचारलं होतं, पानवाल्याचं नाव विचारलं होतं.  उत्तर तयार नव्हतं. काकांची नजर आपल्याच डाव्या हाताकडे गेली. हात कोपरात वाकला होता, काहीतरी धरल्यासारखा.

"सांग की."

"माझ्याकडे," काका म्हणाले.

"तुझ्याचकडे. मी दोनदा मागितलं, दिलं नाहीस. बाप नाही इथं, मी धरणार, म्हणालास. मिस्सा सुटेस्तोवर खाली ठेवलं नाहीस, मुंग्या आल्या हाताला तरी. मग बाजारात कोण पळालं? चौदा दिवसांचं पोर घेऊन, त्या थंडीत, आणि मी जाऊ दिलं?" तिनं शाल सारखी केली आणि फादरकडे वळली. "लिहा, फादर. नळ कोरडा होता म्हणून तेव्हाच्या फादरनी विचारलं, कुणाकडे पाणी आहे का. माझ्याकडे होतं. घुटी उगाळायला घरून उकळून नेलं होतं, बाटलीत. तेच ओतलं. तीनदा. निम्मं पोराच्या डोक्यावर आणि निम्मं याच्या कोटाच्या बाहीत. हा ओरडला, पोर ओरडलं नाही. तो कोट संध्याकाळी शेगडीवर मी वाळवला. सोडा असता तर बाही चिकट लागली असती हाताला. नुसती ओली होती." फादरांचं पेन केव्हाच कागदावर चालू लागलं होतं. कुसुमावती पुन्हा काकांकडे वळली, त्यांचं तोंड नीट दिसेल अशी, आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "खोटं आहे तुझं, हरिदास. पहिल्यापासून शेवटपर्यंत साफ खोटं."